तीन मोठी माणसं आणि एक उघडी खिडकी

मुलाचं वय दोन वर्षं चार महिने, उंची ८८ सेंटिमीटर. घर आजी-आजोबांचं, तिसऱ्या मजल्यावरचं. आई-बाबा दुपारी काही तासांसाठी बाहेर जाणार होते, तोवर मुलगा आजी, आजोबा आणि आत्या यांच्याकडे. आत्याची नऊ वर्षांची मुलगीही तिथेच होती, तिला तो ताई म्हणतो. संध्याकाळी आई-बाबा परतले तेव्हा मुलगा ठणठणीत होता, आजी रडून रडून थकली होती आणि खाली जमिनीवर मच्छरजाळीची एक चौकट वाकडी होऊन पडली होती.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. ही कुठल्याही एका कुटुंबाची हकिकत नाही, म्हणून नावं न देता फक्त नाती दिली आहेत. शेवट मुद्दाम सुटकेचा ठेवला आहे. मूल पडलं की सगळी चर्चा दोष कुणाचा इथेच अडकते, आणि दिवाण कुठे होता, कोण कुणाला काय सांगून गेलं, याकडे कुणी बघत नाही. आपल्याला नेमकं तेच बघायचं आहे.

आदल्या रात्रीपासून

सुरुवात त्या दुपारी झाली नाही. आदल्या रात्री आजोबांनी बैठकीच्या खोलीतला दिवाण उचलून खिडकीखाली सरकवला. मागच्या भेटीत नातवाचं कपाळ टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटलं होतं, ते त्यांच्या मनात राहिलं होतं. म्हणून टीपॉय गॅलरीत गेला, दिवाण खिडकीकडे गेला आणि मधली फरशी पोराला पळायला मोकळी झाली. हे सगळं त्यांनी नातवाच्या काळजीपोटीच केलं.

दुपारी आई-बाबा निघाले तसं मुलानं भोकाड पसरलं. आजीनं त्याला उचललं, दिवाणावर उभं केलं आणि खिडकीतून खाली दाखवलं : "ते बघ बाबांची गाडी! कर टाटा." मुलगा रडायचा थांबला, गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिला. कुठलीही आजी हेच करेल. पण मुलाच्या डोक्यात त्या क्षणी एक गोष्ट पक्की झाली : आई-बाबा या खिडकीतून जातात, म्हणजे येतीलही इथूनच.

नंतर आत्या त्याच्याशी खेळत बसली. उकडत होतं म्हणून तिनं खिडकीची काच पूर्ण सरकवली. मच्छरजाळी लावलेलीच होती. आजी स्वयंपाकघरात, आजोबा त्यांच्या खुर्चीत. आत्याचा फोन वाजला. पोरांच्या गलक्यात नीट ऐकू येईना म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि जाता जाता म्हणाली, "जरा बघा गं याच्याकडे."

नंतर चौघांना वेगवेगळं विचारलं, तेव्हा या एका वाक्याची चार उत्तरं निघाली. आजोबांना वाटलं ते आजीला म्हटलं. आजीला स्वयंपाकघरातून ते ऐकू आलं, पण खोलीत आजोबा आहेत म्हणून ती निर्धास्त राहिली. आत्याच्या मनात ते तिघांसाठी होतं. ताईला वाटलं ते आपल्यालाच सांगितलं, आणि खरं तर तिनं एकटीनंच ते ऐकून पाळलंही. ती त्याच्याशी खेळली, मग रंगपेटी आणायला आत गेली. तोवर आजोबांचा डोळा लागला होता.

खाली कुठलीशी गाडी थांबली, हॉर्न वाजला. मुलगा दिवाणावर चढला. खिडकीशी दोन उशा रचलेल्या होत्या, त्यांवर उभा राहिला, पट्टीवर छाती टेकवली आणि खाली बघण्यासाठी दोन्ही हातांनी जाळी ढकलली. जाळीचा खालचा कोपरा खाचेतून सुटला, सगळी चौकट बाहेर गेली.

ताई परत आली तेव्हा त्याचे पाय उशीवरून सुटत आले होते. तिनं हाक मारली नाही. धावत जाऊन त्याच्या दोन्ही पायांना मिठी मारली आणि मग जिवाच्या आकांतानं ओरडली. हा क्रम तिला कुणी शिकवलेला नव्हता, पण बरोबर तोच होता. काठावरचं मूल हाक ऐकून दचकतं किंवा वळून बघतं, आणि दोन्हींत त्याचा तोल जातो. आधी गुपचूप गाठायचं, घट्ट धरायचं, बोलायचं ते मग.

सगळ्यांच्या आठवणी जुळवल्या तर मुलगा खोलीत एकटा, म्हणजे जाग्या माणसाविना, साधारण दोन मिनिटं होता.

खिडकीची उंची कुठून मोजायची

खोलीच्या फरशीपासून खिडकीच्या खालच्या पट्टीपर्यंत ८४ सेंटिमीटर. ८८ सेंटिमीटरचं मूल फरशीवर उभं असेल तर पट्टी त्याच्या हनुवटीच्या वर येते. आजोबा नंतर हेच म्हणत होते, "अरे, त्याची हनुवटीसुद्धा पोचत नाही तिथवर!" फरशीपुरतं ते खरंच होतं.

दिवाणाची उंची ४० सेंटिमीटर. त्यावर उभं राहिलं की उरलेला आडोसा ४४ सेंटिमीटरचा. उशा दाबल्या जाऊन साधारण २० सेंटिमीटर भरल्या. म्हणजे शेवटी मुलापुढे खिडकी होती २४ सेंटिमीटरची, त्याच्या गुडघ्याच्या जेमतेम वर.

आता दुसरा आकडा. जन्मताना बाळाचं डोकं शरीराच्या एकूण लांबीच्या साधारण एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसाचं एक अष्टमांश. दोन-अडीच वर्षांचं मूल या दोहोंच्या मधे असतं. त्याचं वजन वरच्या बाजूला जास्त, त्यामुळे गुरुत्वमध्यही आपल्या मानानं वर. ८८ सेंटिमीटरच्या मुलाचा तो पायांपासून पन्नासेक सेंटिमीटरवर धरायला हरकत नाही. आडोसा त्या रेषेच्या खाली गेला की मूल नुसतं वाकलं तरी कलंडतं. त्यासाठी उडी मारावी लागत नाही, चढावंही लागत नाही. दिवाणावर आडोसा ४४, म्हणजे उशा नसत्या तरी तो अपुराच होता. लहान मुलं खिडकीतून बहुतेकदा डोक्यावर पडतात, त्याचं कारणही हेच.

तिसऱ्या मजल्यावरची ती पट्टी जमिनीपासून साधारण १० मीटरवर. तिथून खाली पोचायला १.४ सेकंद लागतात आणि जमिनीला टेकताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. आजोबा जागे असते आणि खुर्ची चार पावलांवर असती, तरी पाय सुटल्यावर ते पोचले नसते. 'लक्ष ठेवणं' या उपायाची मर्यादा या दीड सेकंदात दिसते. नजर धोका टाळू शकते, पण सुरू झालेलं पडणं थांबवू शकत नाही. 'आम्ही पहिल्याच मजल्यावर राहतो' म्हणणाऱ्यांसाठी : चार मीटरवरूनही वेग ताशी तीस किलोमीटरच्या वर जातो.

राहिली जाळी. मच्छरजाळी डास अडवण्यासाठी असते, तिची चौकट खाचेत नुसती बसवलेली असते, धुवायला सहज निघावी म्हणून. बारा-तेरा किलोच्या मुलानं अंगाचा भार टाकला की ती निघणारच. तरीही आत्यानं काच सरकवताना 'जाळी आहे की' असं मनाशी म्हटलं, कारण डोळ्यांना ती खिडकी बंदच दिसत होती. काच पूर्ण उघडी आणि जाळी नाही, असं असतं तर कदाचित तिनं मुलाला तिथे क्षणभरही सोडलं नसतं. माझ्या मते या घरातली सगळ्यांत फसवी वस्तू ती जाळीच होती.

घरी शिकलेली गोष्ट

मुलाच्या स्वतःच्या घरी प्रत्येक खिडकीला स्टॉपर होता. खिडकी १० सेंटिमीटरच्या पुढे उघडतच नसे. मुलगा तिथे रोज सोफ्यावरून खिडकीशी जायचा, काचेला गाल लावून पक्षी बघायचा. आई-बाबा अडवत नसत, कारण अडवायची गरजच नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी तो उशा रचून आणखी वर चढायला शिकला, तेव्हा त्यांनी कौतुकानं व्हिडिओही काढला होता.

म्हणजे या मुलाला अनुभवानं माहीत होतं की खिडकी ढकलली तरी काही होत नाही, ती अंग पेलते. आजीकडे त्यानं तेच केलं. याचा अर्थ घरी स्टॉपर लावणं चुकलं असा काढू नये. पण सुरक्षित घर मुलाला सावध करत नाही, हे तिथल्या मोठ्यांनी ध्यानात ठेवायला हवं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला 'ही खिडकी वेगळी आहे' हे समजावून सांगता येत नाही. स्टॉपर घरी राहतो, चढण्याची सवय मात्र मुलासोबत आजीकडे जाते.

आणि आजी-आजोबांना काय माहीत होतं? त्यांची आधीची भेट दोन महिन्यांपूर्वीची. तेव्हा तो पलंगावर चढताना पाय झाडत मदत मागायचा. त्यांच्या डोक्यातला नातू तोच होता. निघताना आईनं जेवणाचं, झोपेचं, औषधाचं सगळं सांगितलं, आणि शेवटी "लक्ष ठेवा हं आई, फार चढतो" असंही. 'फार चढतो' हे प्रत्येक मुलाबद्दल म्हटलं जातं. त्यातून काय करायचं ते कळत नाही. "तो आता उशा एकावर एक ठेवून खिडकीपर्यंत चढतो" असं सांगितलं असतं, तर आजीची नजर आपोआप दिवाणाकडे गेली असती.

माणसं जास्त, नजर कमी

घरात तीन मोठी माणसं होती, तरी असं कसं झालं, हा प्रश्न बाबांनी त्या रात्री पुन्हा पुन्हा विचारला. उलट बाजूनं बघावं लागतं : तिघं होती, म्हणूनही झालं असेल. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवलं की संकटात सापडलेल्या माणसाचा आवाज आपल्याबरोबर इतरही ऐकत आहेत असं वाटलं, की प्रत्येक जण मदतीला जायला कचरतो किंवा उशीर करतो. तो प्रयोग मुलं सांभाळण्याबद्दलचा नव्हता, पण जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडीच येते, ही गोष्ट भरल्या घरात कुणालाही ओळखीची वाटेल. आजी एकटी असती तर तिनं मुलाला ओट्याजवळ आपल्या पायाशी बसवलं असतं.

पोहण्याच्या ठिकाणी मुलं सांभाळताना काही देशांत एक साधी पद्धत शिकवतात : एका वेळी एकच मोठा माणूस पाण्याकडे बघणार, बाकीचे खुशाल गप्पा मारोत. त्याच्या गळ्यात चक्क एक बिल्ला असतो, आणि उठायचं झालं तर तो बिल्ला दुसऱ्याच्या हातात द्यायचा. घरात बिल्ल्याची गरज नाही, पण हातात दिल्यासारखं बोलणं हवं. "बाबा, मी फोनवर जातेय, आता तो तुमच्याकडे" आणि समोरून "हो, आहे माझ्याकडे". हे उत्तर आलं नाही तर उठायचं नाही. आत्याला हे आधी फार औपचारिक वाटलं. आपल्याच घरात कसली पहारे बदलायची पद्धत, असं ती म्हणाली. पण 'जरा बघा गं' हे वाक्य कुणाच्याच नावावर नव्हतं, हे तिलाही मान्य होतं.

ताईबद्दल वेगळं लिहायला हवं. ती मुलाला वाचवणारी. तरी पहिल्या दहा मिनिटांत तिलाच ऐकून घ्यावं लागलं, "तुला बघायला सांगितलं होतं ना, मग आत कशाला गेलीस?" घाबरलेल्या माणसाच्या तोंडून असं निघतं, समजू शकतं. पण नऊ वर्षांचं मूल दोन वर्षांच्या मुलाशी खेळू शकतं, राखण करू शकत नाही. रंगपेटी आणायला गेलं तर मागे काय होऊ शकतं, हा विचार त्या वयात येत नाही आणि तो तिच्याकडून मागूही नये. तिला त्याच रात्री कुणीतरी जवळ घेऊन सांगायला हवं होतं की चूक तिची नव्हती. ते झालं दोन दिवसांनी, आणि आईनं केलं.

"आम्ही तीन वाढवली याच घरात"

खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली. सुनेनं स्टॉपरचा विषय काढला आणि आजी दुखावली. "याच घरात तीन मुलं वाढवली गं मी. एकाला खरचटलं नाही."

हे वाक्य खोडून काढण्याच्या फंदात पडू नये. ते खरं असतं, आणि त्यामागे आयुष्यभराची मेहनत असते. पण या घरात त्याला एक साधं उत्तर होतं, आणि ते आजोबांनीच दिलं. तीन मुलं वाढली तेव्हा त्या खिडकीला उभे गज होते. घराचं काम काढलं तेव्हा गज गेले आणि मोठ्या सरकत्या काचा आल्या. उजेड वाढला, वारा वाढला, कौतुक झालं. तोवर मुलं मोठी होऊन बाहेर पडली होती, त्यामुळे गज गेल्याची उणीव कुणाला जाणवायचं कारणच नव्हतं. घर तेच राहिलं, पत्ता तोच, पण आजीनं तीन मुलं सांभाळली ती खिडकी आता नव्हती.

उभे गज हा शब्द जपून वापरतो आहे. आडव्या पट्ट्यांची ग्रिल लावली तर मुलाला शिडीच मिळते. आणि दोन गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवं. अनेक देशांचे नियम याच आकड्याच्या आसपास फिरतात, कारण त्यातून लहान मुलाचं शरीर जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं सामायिक मालकीच्या इमारतींना १३ मार्च २०१८ ची मुदत दिली होती. तोवर ठरावीक उंचीवरच्या खिडक्या १२.५ सेंटिमीटरहून कमी उघडतील असं कुलूप बसवणं भाग होतं.

न्यूयॉर्कची गोष्ट त्याहून जुनी. तिथल्या आरोग्य विभागानं १९७२ च्या सुमारास 'मुलांना उडता येत नाही' अशा नावाची मोहीम सुरू केली. घरोघरी भेटी, समजावणं, आणि त्याबरोबर खिडक्यांना बसवायचे गज मोफत. ब्राँक्स भागात १९७३ ते १९७५ या काळात अशा पडण्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या. १९७६ मध्ये नियमच झाला : दहा किंवा त्याहून कमी वयाचं मूल राहत असेल त्या घराला मालकानं गज पुरवायचे. मोहिमेत आई-वडिलांना 'लक्ष ठेवा' सांगून भागवलं नाही, लोखंडही हातात दिलं, हे मला त्यातलं सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं.

बोलणी शेवटी कशी सुटली? सून मागे राहिली, आजीचा मुलगा, म्हणजे बाबा, पुढे झाले. आजीकडून सुनेला जे ऐकून घ्यावं लागलं असतं, ते बाबांना लागलं नाही. "आई, तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नाही गं. तू जागी असलीस तरी दीड सेकंदात काय करणार? मी तरी काय करणार?" या वाक्यानं आजी गप्प झाली. सांभाळणाऱ्याच्या गुणांवरून वाद सुरू झाला की तो संपत नाही. खिडकीबद्दल बोललं की निदान मोजपट्टी आणता येते.

मोजपट्टी घेऊन घरभर

दिवाण परत भिंतीशी गेला, त्याला पाच मिनिटं लागली. घरात एकच गोष्ट करण्याइतका वेळ असेल तर हीच करावी : खिडकीखालून चढता येण्यासारखं सगळं हलवणं. पाहुणं मूल येण्याआधी दरवेळी.

बैठकीच्या आणि झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना सरकत्या काचेच्या खाचेत बसणारे, चावीनं उघडणारे स्टॉपर आले. आजोबांनी विचारलं, आग लागली तर? प्रश्न रास्त आहे, आणि कायमची ग्रिल ठोकणारे लोक तो विचारत नाहीत. सुटकेची वाट असलेली खिडकी मोठ्या माणसाला आतून पटकन उघडता आलीच पाहिजे. चावी खिडकीच्याच बाजूला, दाराच्या वरच्या पट्टीएवढ्या उंचीवर खिळ्याला टांगली, आणि घरातल्या प्रत्येकानं, आजीनंसुद्धा, एकदा स्वतःच्या हातानं खिडकी उघडून बघितली.

मग आईला गॅलरीत तो टीपॉय दिसला. आजोबांनी आदल्या रात्री ठेवलेला, कठड्याला अगदी चिकटून. म्हणजे त्या दुपारी मुलगा खिडकीऐवजी गॅलरीकडे वळला असता तर तिथेही पायरी तयार होती. टीपॉय आत आला, दोन मोठ्या कुंड्या कठड्यापासून लांब गेल्या आणि गॅलरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी लागली. खालची कडी मुलाच्या हाताला येत होती.

टाटा करायची जागा बदलली. आता निरोप घराच्या दारातून, आजीच्या कडेवरून होतो. खिडकीतून खाली कुणालाच दाखवायचं नाही, हे आजीला जड गेलं, पण तिनं पाळलं.

एक गोष्ट कुणी विचारली नव्हती, ती बाबांनी डॉक्टरांकडून समजून घेऊन फ्रिजवर लिहून लावली : मूल उंचावरून पडलं तर उचलून छातीशी धरायचं नाही. श्वास चालू असेल आणि जागेवर दुसरा धोका नसेल तर मान-पाठ न हलवता रुग्णवाहिका बोलवायची. रडून शांत झालं, हसायला लागलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण डोक्यातला रक्तस्राव कधीकधी काही तासांनी दिसतो. उलट्या, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं ही त्याची लक्षणं.

स्वयंपाकघराची खिडकी मात्र अजून वादात आहे. ती ओट्याच्या मागे आहे, आणि नातवाला ओट्यावर बसवून त्याच्याशी बोलत काम करणं हा आजीचा सगळ्यांत आवडता वेळ. तिथे स्टॉपर लावला तर वाफ कोंडते, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. तूर्त तोडगा असा : मुलगा ओट्याऐवजी जमिनीवर ठेवलेल्या पाटावर बसतो, आणि त्या खिडकीला उभे गज करायला टाकले आहेत. तोवर मुलगा घरात आहे तेवढा वेळ ती बंद ठेवायचं ठरलं. आजी ते विसरते, आत्या आठवण करून देते. स्टॉपरची चावी मुलाला फिरवता येते का, हे त्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला पुन्हा तपासायचं, अशी नोंद आजोबांच्या वहीत आहे.